‘कोर्ट’ संथ आहे, म्हणून कंटाळवाणा?

आवडत्या-नावडत्या मराठी सिनेमांच्या चर्चेत ‘कोर्ट’ कंटाळवाणा आणि ‘सैराट’चा उत्तरार्ध ताणलेला, असं मत कुणीतरी मांडलंय. मी अभ्यासक नाही, जमेल तसे सिनेमे बघते. पण दोन्ही मतं अजिबात पटली नाहीत.

‘कोर्ट’ संथ आहे हे खरं. पण जिथे तारखांवर तारखा पडतात, तिथल्या खटल्याचा सिनेमा भरधाव कसा असेल? गाणं ऐकून सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप एका म्हाताऱ्या शाहिरावर, आणि सगळे किती शांतपणे कलमं वाचत असतात! गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते. ती दुष्ट नाहीये, आपल्यातलीच आहे, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला. शाहीर झालेल्या वीरा साथीदारांचा आवाज तर अजून कानात आहे.

‘सैराट’मधला, दोघं पळून गेल्यानंतरचा हैदराबादचा भाग नसता तर शेवट इतका लागला असता का? ती झोपडी, आर्चीची घालमेल, संशयावरून झालेलं भांडण, सगळं हवंच. कापायचंच तर पूर्वार्धातलं थोडं कापावं.

‘कट्यार काळजात घुसली’ची गाणी मी ऐकते, सिनेमा पुन्हा बघत नाही. फार भडक वाटला.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’चं (२००९) नाव मात्र कुणीच कसं घेतलं नाही? नंदू माधव यांनी साकारलेले दादासाहेब फाळके सिनेमा बनवण्यापायी घरचं सामान विकतात, तरी सिनेमा एकदाही रडका होत नाही. बघितला नसेल तर मुलांना घेऊन बघा.