सॉसला पाणी सुटतं: कॉर्नफ्लोअर सोडून झँथन घेऊ का? आणि बेंझोएट की सॉर्बेट?

निशिगंध:
टोमॅटो सॉस करून बाटल्यांत भरते. दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर घालते, पण काही दिवसांनी वर पाणी तरंगतं. फ्रीझरमधून काढलेल्या बाटलीचं तर विचारूच नका. कुणी झँथन गम सुचवतं, कुणी ग्वार. टिकण्यासाठी सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट दोन्ही आणून ठेवलंय. नेमकं काय घालू?

दवबिंदू:
मी ग्वार वापरते. थंड पाण्यातही दाट होतो. जास्त पडला तर मात्र बुळबुळीत लागतो.

पारिजात:
खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळेत माझा बराचसा वेळ याच प्रश्नांत जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्टार्च शिजताना फुगून पाणी धरतो. थंड झाल्यावर त्याच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटतात आणि धरलेलं पाणी बाहेर ढकलतात. गोठवल्यावर हे फार जोरात होतं. शिवाय आंबट पदार्थात जास्त वेळ उकळला की स्टार्च तुटतो. ग्वारही आम्ल आणि उष्णता एकत्र आली की ढिला पडतो, त्यामुळे टोमॅटोसाठी मी तो एकटा घेणार नाही. झँथन आम्ल, मीठ, उष्णता, गोठवणं सगळं सोसतो. बाटली हलवली की पातळ होतो, सोडली की पुन्हा दाट. किलोला १ ते २ ग्रॅम भरपूर झाला. कोरडाच टाकला तर गुठळ्या होतात आणि त्या नंतर फुटत नाहीत, म्हणून आधी साखरेत मिसळून भुरभुरवा.

प्रिझर्व्हेटिव्हचा निर्णय मात्र पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितका पदार्थ आंबट) मोजल्याशिवाय घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. बुरशी आणि यीस्टला रोखतं ते बेंझोइक आणि सॉर्बिक आम्ल. ती पाण्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून त्यांचे क्षार विकले जातात. पदार्थ आंबट असेल तरच क्षारातून काम करणारं आम्ल मोकळं होतं. बेंझोएटचा निम्मा भाग ४.२ पीएचला कामाच्या रूपात असतो, सॉर्बेटचा ४.८ च्या आसपास. पीएच ६ ला बेंझोएट जवळजवळ निकामी होतं, सॉर्बेट थोडं तरी उरतं. बेंझोएट आणि क जीवनसत्त्व एकत्र असताना उष्णता, उजेड मिळाला तर अल्प प्रमाणात बेंझीन तयार होऊ शकतं. टोमॅटोत क जीवनसत्त्व असतंच, म्हणून मी सॉर्बेट घेईन. बहुतेक ठिकाणी अशा पदार्थांत किलोला १ ग्रॅमपर्यंतचीच मुभा असते. तुमच्या नियमातला आकडा बघा आणि तराजूवर मोजा, चमच्याने नाही.

निशिगंध:
पीएचच्या पट्टीवर ४ आणि ४.५ च्या मध्ये रंग आला. कधीकधी गाजरही घालते, त्याने फरक पडेल?

पारिजात:
पडेल, आणि मोठा पडेल. गाजराचा पीएच ६ च्या जवळ असतो, त्यामुळे सगळ्या सॉसचा पीएच वर चढतो. ४.६ च्या वर गेला तर बंद बाटलीत बोट्युलिनमचे जिवाणू वाढून विष तयार करू शकतात. सॉर्बेटच्या भरवशावर तो धोका मुळीच घेऊ नका. पट्टीवरचा अंदाज इथे पुरत नाही, मीटर वापरा. प्रत्येक घाण्याचा पीएच गार झाल्यावर मोजा, आणि सायट्रिक आम्ल किंवा व्हिनेगर घालून तो ४ च्या खाली आणा. तोवर गाजराच्या बाटल्या फ्रीझरमध्येच ठेवा.

दवबिंदू:
झँथन आणि ग्वार एकत्र चालतात का?

पारिजात:
चालतात, एकमेकांचा दाटपणा वाढवतात. दोन्ही कमी घ्या. लोकस्ट बीन गम झँथनसोबत घातला तर मात्र चक्क जेल होतं, ते सॉसला नको.