बरणीतले पाणकिडे का मरतात?
मुलांना दाखवायला डबक्यातून आणलेले किडे बरणीत ठेवले की कधीकधी तासाभरात मरतात. बहुतेकदा दोष उन्हाचा. पाणी तापलं की त्यातला विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो, त्यात अरुंद तोंडाच्या बरणीत पाण्याला हवाही कमी मिळते. पसरट पांढरा ट्रे घ्या, डबक्याचंच पाणी आधी ३-४ सेंटीमीटर भरा आणि सावलीत ठेवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असू शकतं, ते नकोच.

किडे पकडायची जाळी गाळात खुपसली की ट्रेमध्ये नुसता चिखल. काठच्या पाणवनस्पतींमधून ती हळू फिरवा, मग ट्रेतल्या पाण्यात उलटी करा.

किडे मरण्याचं दुसरं कारण म्हणजे चतुराची अळी. ही खालचा ओठ दुमडून ठेवते आणि भक्ष्य टप्प्यात आलं की झटकन पुढे फेकते. बेडकाची पिल्लंही सुटत नाहीत. तिला वेगळ्या वाटीत ठेवा. मुलांना ट्रेपेक्षा ती वाटीच जास्त आवडते!

उलटे पोहणारे किडे चावतात, म्हणून सगळं चमच्यानेच उचलायचं. काठाशी मुलं गुडघ्यांवर बसलेली हवीत, वाकून उभी नकोत. वीसेक मिनिटांनी सगळं जिथून घेतलं तिथेच सोडायचं, मग साबणाने हात धुवायचे.