‘रागिणी’तील लांब चर्चा वाचताना गाळाव्यात का?

प्रश्न (गुहागर)
भातलावणी आटोपली की आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी दुपारी आम्ही आठ-दहा जण जमतो आणि एक जुनी कादंबरी मोठ्याने वाचतो. यंदा वामन मल्हार जोशी यांची ‘रागिणी’ (१९१५) घ्यावी, अशी माझी इच्छा आहे. लेखक आपल्याच कोकणातील तळ्याचे, हा जिव्हाळा आहेच. परंतु तात्त्विक वादांची पाने गाळून केवळ कथानक वाचावे, असा दोघांचा आग्रह आहे. तसे केल्यास कादंबरीत काय उरेल?

उत्तर (देवगड)
कृपया गाळू नका. लेखकाने पुस्तकाला ‘काव्यशास्त्रविनोद’ हे दुसरे नाव दिले, ते त्या वादांसाठीच. माझी आजी पडवीत बसून तांदूळ पाखडताना ही कादंबरी माझ्याकडून वाचून घेत असे. कादंबरीतील उत्तरा स्त्रियांच्या हक्कांविषयी बोलू लागली की आजीचे सूप थांबे आणि तो परिच्छेद मला पुन्हा वाचावा लागे. कथानकातील योगायोगांसाठी तिने एकदाही सूप थांबवले नाही. शिवाय ही कादंबरी आधी मासिकातून क्रमशः आली होती, म्हणजे एकेका वादावर विचार करायला तेव्हाच्या वाचकांना पुढचा अंक येईपर्यंत सवड मिळे. आपणही एका रविवारी एकच वाद वाचावा.

उत्तर (वेंगुर्ले)
‘रागिणी’विषयी आदर ठेवूनही माझे मत वेगळे आहे. त्याच लेखकाची ‘इंदु काळे व सरला भोळे’ (१९३४) मला कितीतरी सरस वाटते. संपूर्ण कादंबरी पत्रांतून उलगडत असल्यामुळे कला आणि नीती यांचा वाद तेथे व्याख्यानासारखा अंगावर येत नाही. पत्र लिहिणाऱ्याच्या सुखदुःखातूनच तो उमटतो. शिरोडे आमच्या तालुक्यातले आणि वि. स. खांडेकर तेथे १९२० ते १९३८ शिक्षक होते, म्हणून त्यांची ‘उल्का’ ही कादंबरी सुचवण्याचा मोह मलाही होतो. पण मोठ्याने वाचताना त्यातील अलंकारिक वाक्ये जड जातात, हा माझा अनुभव आहे.

उत्तर (रत्नागिरी)
विभावरी शिरूरकरांची ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरीही ‘इंदु काळे’च्याच काळातली आहे. उत्तरा ज्यासाठी वाद घालते, ते हिची नायिका अचला प्रत्यक्ष जगू पाहते. ‘रागिणी’नंतर ती अवश्य घ्यावी.

प्रश्नकर्त्याकडून
देवगडच्या वाचकांचे म्हणणे पटले. ‘रागिणी’ अखंड वाचू, आणि उत्तरेचे संवाद वाचण्यास आमच्या शाळेतील एक निवृत्त बाई तयार झाल्या आहेत. त्यानंतर ‘इंदु काळे’ दोघींनी समोरासमोर बसून वाचावी, असे ठरते आहे. वाचनालयात तिची एकच प्रत आहे, तिलाही कसर लागली आहे. कोणाकडे दुसरी असल्यास दिवाळीपर्यंत उसनी मिळावी, ही विनंती.