मदत हवी आहे: पॅच आधी घ्यावा की गाइडलाइन आधी पाळावी?

आम्ही चौघे नोकरी सांभाळून लिनक्सवर हिशेबाचं ओपन सोर्स अ‍ॅप लिहितो. ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या इंटरफेस गाइडलाइन्स (अ‍ॅप कसं दिसावं-वागावं याचे संकेत) पाळायच्या, असं सुरुवातीलाच ठरवलंय.

एका नव्या मुलीने नोंद पुसण्याच्या सोयीचा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवला. कोड नेटका, पण पुसण्याआधी खात्री विचारणाऱ्या खिडकीत नुसतं ‘होय’ आणि ‘नाही’. गाइडलाइन सांगते, बटणावर क्रियापद हवं, म्हणजे ‘पुसा’. आणि शक्य तिथे विचारत बसण्यापेक्षा पूर्ववत करायची सोय द्या. ती द्यायची तर डेटा साठवण्याचा अर्धा कोड बदलेल. पॅच ३ आठवडे अडकलाय. तिचा हुरूप जाईल, याची मला खरंच काळजी वाटते.

बटणांची नावं आत्ता बदलून पॅच घ्यावा, पूर्ववतचं काम वेगळं नोंदवावं, असं माझं मत. पण अशी ‘नंतर करू’ म्हटलेली कामं आमच्याकडे पडूनच आहेत. तुम्ही कोणत्या त्रुटीसाठी पॅच रोखता, कोणती पुढे ढकलता? आणि ढकललेलं काम पूर्ण कसं करवून घेता?