फोनमधल्या कोणत्या ॲपने घरचं काम खरंच हलकं केलं? (अनुभव धागा)

कृष्णाकाठ
काल बँकेच्या पायऱ्यांपर्यंत रांग दिसली. नोव्हेंबर, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले. तिथेच थबकले. २०१२ मध्ये याच रांगेत बाबा होते, गुडघ्याच्या ऑपरेशनला जेमतेम महिना झालेला. शेजारच्या किराणा दुकानातून स्टूल मागून आणलं होतं, रांग सरकली की स्टूल पुढे. बाबा शाळामास्तर, कुणाकडे कधी काही मागितलं नाही त्यांनी. खिडकीपाशी पोचलो तर साहेब जेवायला गेलेले. परत स्टूल, परत तासभर.
आता आई ८१ ची, बाबांच्या मागे कौटुंबिक पेन्शन. यंदा दाखला घरीच केला. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी, ही दोन ॲप्स लागतात. पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा), आधार आणि पेन्शनचं खातं हाताशी ठेवा. आईला खिडकीसमोर उजेडात बसवलं, डोळे मिचकाव म्हटलं. दोनदा फसलं, चष्मा चकाकत होता. चष्मा काढल्यावर झालं. प्रमाण आयडीचा मेसेज आला तेव्हा चहा अजून गॅसवरच होता. बाबांच्या वेळी हे असतं तर, हा विचार रात्रभर डोक्यातून गेला नाही.
तुमच्याकडे असं काय आहे? नुसती नावं नकोत, काय घडलं ते लिहा.

शेवंती
त्यात पुनर्विवाह केला आहे का विचारतात ना! सासूबाई ८४ च्या, म्हणाल्या "नाही लिही गं, आता कोण बघायला येतंय." सगळे हसलो. मग मामंजींच्या फोटोकडे बघत बसल्या बराच वेळ. कुकर झाला, नंतर येते.

माणदेशी
दामिनी. आमच्यात वळीव आला की विजा किती पडतात ते तिकडच्यांनाच माहीत. मामाच्या दोन शेळ्या चिंचेखाली गेल्या, मामा नुकताच तिथून उठून विहिरीकडे गेला होता म्हणून वाचला. त्यानंतर भाच्याने हे ॲप त्याच्या फोनमध्ये घालून दिलं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलंय, आपण आहोत तिथून २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडायचा धोका असला की इशारा देतं. लोकेशन चालू ठेवावं लागतं. मामा आता ढग भरले की आधी फोन बघतो, मग औत सोडतो. रानात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आजच्या आज टाकून द्या.

कृष्णाकाठ
@माणदेशी आत्ताच चुलत्यांच्या फोनवर टाकायला सांगितलं. शेळ्यांचं वाईट वाटलं हो.

रातराणी_एक्स्प्रेस
व्हेअर इज माय ट्रेन. रात्री दोनला कणकवलीला उतरायचं, बाहेर मिट्ट काळोख, पोरं झोपलेली, चार डाग. आधी अर्धा तास दारात उभा असायचो, स्टेशन चुकेल म्हणून. हे ॲप गाडीत बसल्यावर नेट नसलं तरी मोबाईल टॉवरवरून गाडी कुठे आहे ते सांगतं. कोकण रेल्वेच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात तेही गप्प होतं, पण बाहेर पडलं की परत जागेवर. आता दोन स्टेशनं आधी गजर लावून झोपतो.

फणसगरे
कणकवलीला म्हणजे गाव कुठलं??

रातराणी_एक्स्प्रेस
फोंडाघाट

फणसगरे
अरे माझं आजोळ! बाजारातून घाटाकडे जाताना डाव्या हाताला घर होतं. आता बंदच असतं. यंदा गणपतीत आलात का? पाऊस केवढा होता.

रातराणी_एक्स्प्रेस
आलो होतो, पाच दिवस. विपूत (विचारपूस, तुमच्या पानावर) लिहितो, इथे धागा भरकटेल.

तिखटमीठ
भरकटू दे, छान वाटतंय वाचायला.

मोगरा२
संचार साथी, हरवलेला फोन बंद करायचं सरकारी ॲप. एसटी स्टँडवर पर्समधून फोन गेला, लेकीच्या बारशाचे सगळे फोटो त्यात. रडत घरी. भावाने खोका शोधायला लावला, त्यावर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक असतो. पोलिसांत तक्रार, तिची प्रत जोडून संचार साथीवर फोन ब्लॉक केला. मग विसरूनही गेले. पाच महिन्यांनी पोलिसांचा फोन, कुणीतरी त्यात नवीन सिम घातलं आणि माग लागला. फोन मिळाला पण पूर्ण पुसलेला. फोटो गेले ते गेलेच. म्हणून हात जोडून सांगते, आत्ता *#०६# दाबा, आयएमईआय वहीत लिहा, आणि फोटोंचा बॅकअप चालू करा. वहीत. फोनमध्ये नको.

शेवंती
@मोगरा२ अगं बाई. नातेवाइकांकडे असतील ना काही फोटो? सगळ्यांना माग, आमच्याकडे मुंजीचे असेच परत जमले.

मोगरा२
मावशीकडे अकरा निघाले. पाळण्यातला एक आहे. तो फ्रेम केला.

पंधरा_रुपये
डिजिटल सहीचा सातबारा. १५ रुपये, घरबसल्या, आणि सरकारी कामाला चालतो. पूर्वी एका उताऱ्यासाठी सांगलीहून गावी दोन खेपा, दोन रजा. बस इतकंच, कामावर आहे.

ठिपका
भाऊ दृष्टिहीन आहे, एकटा राहतो, नोकरी करतो. बी माय आइज वापरतो. व्हिडिओ कॉल लागतो, पलीकडे कुणी अनोळखी स्वयंसेवक, तो बघून सांगतो. औषधाच्या पट्टीवरची तारीख, दुधाची पिशवी कुठली, शर्टाचा रंग. आधी तो या गोष्टींसाठी माझी वाट बघायचा. मला वाटायचं त्याला माझी मदत हवी असते. त्याला हवं होतं की कुणाची वाट बघावी लागू नये. मी स्वतः स्वयंसेवक म्हणून नाव घातलंय. डोळे आहेत त्यांनी नाव घाला, फार वेळ जात नाही.

माणदेशी
घातलं. आत्ताच.

दूरदेशी
आमच्याकडे पहाट आहे. मराठी विश्वकोश, ऑनलाइन आणि फुकट. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून सुरू केलेलं काम मी डलासच्या स्वयंपाकघरात उघडते. आणि शब्दांसाठी मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर अख्खा आहे. लेकीने "उंबरठा म्हणजे काय" विचारलं, आमच्या घराला उंबरठाच नाही. शब्द शोधला, मग आजीला व्हिडिओ लावला, आजीने तिकडचा खराखुरा दाखवला, हळदीकुंकवासकट.

तिखटमीठ
एक सावधगिरी. लग्नपत्रिका, चलन, वीजबिल असं काहीही एपीके फाईल (फोनमध्ये ॲप बसवणारी) म्हणून आलं तर उघडू नका, ओळखीच्या नंबरावरून आलं तरी. काकांचे ६२ हजार गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला म्हणून त्यातले थोडे गोठवता आले. जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

सुपारी
ॲप सांगताय सगळे पण आमच्या शेजारच्या आजींकडे साधा फोन आहे. बोटांचे ठसेही उमटत नाहीत, जन्मभर भांगलण केलीय. त्यांच्या दाखल्याचं काय करायचं?

कृष्णाकाठ
@सुपारी चेहऱ्याने होतं, ठसे लागत नाहीत. फोन तुमचा चालेल, एका फोनवरून कितीतरी जणांचे करता येतात. तेही जमत नसेल तर पोस्टात सांगा, पोस्टमन घरी येऊन करून देतो. त्यांचं पेन्शनचं कार्ड आणि आधार काढून ठेवा, उद्या अकराला मला फोन करा, विपूत नंबर देते. उजेडात बसवा. आणि चष्मा काढायला सांगा.