चार संगणक, एकच पाणी: घरातली ऊब पडवीत नेऊन टाकावी का?

चिऱ्याचे घर (डिचोली)

आमच्याकडे एकाच खोलीत चार संगणक आहेत. माझा रेंडरिंगचा (म्हणजे संगणकाकडून चित्रे तयार करून घेण्याचा), बायकोचा घरांच्या नकाशांचा, मुलाचा अभ्यासाचा आणि खेळांचा, आणि चौथा फाइली साठवायचा. हा चौथा चोवीस तास चालू असतो. घर जुने आहे, भिंती चिऱ्याच्या, वर मंगळुरी कौले आणि मध्ये फळ्यांचा माळा. एरवी हे घर थंड असते. पण रेंडर लागला की माझा प्रोसेसर २३० वॅट घेतो आणि ग्राफिक्स कार्ड ४५०. बाकीचे धरून बेरीज १३०० वॅटच्या आसपास जाते. म्हणजे १००० वॅटची इस्त्री दिवसभर तापवत ठेवली आणि वर थोडे आणखी, तेही दार लावून.

पंखे करतात काय, तर चिपवरची ऊब उचलून आपल्याच पाठीवर आणून टाकतात. मग तीच ऊब बाहेर काढायला एसी लावायचा. एसीला १३०० वॅट ऊब हटवायला साधारण चारशे वॅट लागतात. प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत सोसतो. सोसवत नाही ते खोलीत बसलेल्या माणसांना.

म्हणून ठरवले आहे की चारही यंत्रांना वॉटर ब्लॉक (चिपवर बसणारे, आतून पाणी फिरणारे ठोकळे) लावायचे, पाणी एकाच मॅनिफोल्डमधून, म्हणजे अनेक तोंडांच्या नळीतून, वाटायचे, भिंतीला दोन भोके पाडून नळ्या मागच्या पडवीत न्यायच्या आणि तिथे वळचणीखाली १४० मिलिमीटरचे नऊ पंखे बसणारा एक मोठा रेडिएटर टांगायचा. मिनिटाला ५ लिटर पाणी फिरले तर १३०० वॅटला ते एका फेरीत चार अंशही चढत नाही. मे महिन्यात बाहेर ३४ अंश धरले, त्यावर रेडिएटरचे दहा-अकरा धरले, तर पाणी ४५ वर राहील. कार्ड त्याच्यावर वीस अंश गेले तरी ६५. चालण्यासारखे आहे.

दुसरी कल्पनाही डोक्यात आहे. परसात बांय (विहीर) आहे, तिचे पाणी बारमाही २७ अंशांच्या आसपास असते. तेच फिरवून परत बांयत सोडले तर? मते हवीत, विरोधातली तर आधी.

मांडवीकाठ (पणजी)

विरोधातले मागितले म्हणून सरळ लिहितो, करू नका.

मी वीस वर्षे दुसऱ्यांची यंत्रे सांभाळतो. या धंद्यात पहिला धडा असा की दोन गोष्टी एकत्र बिघडता कामा नयेत. तुम्ही आज वेगळ्या असलेल्या चार गोष्टी एका पंपाला बांधायला निघालात. आज मुलाच्या संगणकाचा पंखा अडकला तर मुलाचा संगणक बंद पडतो, बस. उद्या पंप अडकला की तुमची डेडलाइन, वहिनींचा नकाशा, मुलाची परीक्षा आणि घरातले सगळे फोटो एकाच मिनिटाला थांबतील. आणि एका ब्लॉकची सील बदलायची म्हटली तर चौघांनी हात वर करून बसायचे.

चिऱ्याचे घर (डिचोली)

पंप दोन लावतोय, एकामागे एक. एक मेला तरी दुसरा पाणी ढकलत राहील. प्रत्येक यंत्राच्या नळीला आपोआप बंद होणारे क्विक कनेक्टर लावतो, त्यामुळे एक यंत्र काढले तरी बाकीची तीन चालू राहतात. आणि पंप थांबला म्हणून चिप जळत नाही. ती आधी वेग कमी करते आणि तरीही भागले नाही तर स्वतःच बंद होते.

एसीवाला (मडगाव)

माझे काम आउटडोर युनिटचे आहे, त्यावरून सांगतो. कोलव्याच्या बाजूला समुद्रासमोर लावलेल्या युनिटच्या पात्या तीन-चार वर्षांत हाताने चुरगळतात, पांढरी पूड होते. तुम्ही डिचोलीत, म्हणजे मिठाचा त्रास कमी, पण लाल धूळ आहे. ती पात्यांत बसते आणि पहिल्या पावसात तिचा चिखल होतो. मग पंखे कितीही फिरोत, हवा आरपार जातच नाही. पंधरवड्याला साध्या पाण्याने हलक्या धारेने धुवायची तयारी असेल तरच हे करा. प्रेशर वॉशर मारू नका, पात्या दुमडतात.

दुसरे, रेडिएटर घेताना आतली नळी कशाची आहे ते विचारा. ब्लॉक तांब्याचे असतात. गाडीचा जुना ॲल्युमिनियमचा रेडिएटर स्वस्तात मिळतो म्हणून त्याच पाण्यात जोडला, तर तांबे शाबूत राहते आणि ॲल्युमिनियम खाऊन जाते. माझ्याकडे एक पोरगा असला रेडिएटर घेऊन आला होता. वरून नवाकोरा, आणि आत बोट घातले तर राखाडी चिखल. तांबे-पितळेचा घ्या, महाग पडला तरी.

वाळपईची

मला संगणकातले फार कळत नाही, पण बांयचे वाचून राहवले नाही.

ती बांय पिण्याची आहे ना? मग तिच्यात काहीही परत सोडू नका. तुमच्या नळ्यांत नुसते पाणी नसणार. गंज धरू नये, शेवाळ होऊ नये म्हणून त्यात काहीतरी घालाल. गाड्यांच्या कूलंटमधले एथिलीन ग्लायकॉल विष आहे, आणि ते चवीला गोड असते, म्हणजे पाण्यात उतरले तरी जिभेला कळणार नाही. एक जोड सुटला की ते बांयत. आमच्याकडे उन्हाळ्यात शेजारची तीन घरे आमच्या बांयवर पाण्याला येतात. तुमच्याकडेही कोणी येत असेल.

चिऱ्याचे घर (डिचोली)

ताई, मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर घालून दोन्ही पाणी वेगळे ठेवायचा विचार होता, म्हणजे पातळ पत्र्यातून ऊब पलीकडे जाते, पाणी नाही. आकडेमोडही केली होती. बांयत सध्या दहा हजार लिटरच्या आसपास पाणी आहे. आठ तास पूर्ण भार चालला तरी ते जेमतेम एक अंश तापेल.

पण तुमचे वाचून काल संध्याकाळी कठड्यावर जाऊन उभा राहिलो. पलीकडच्या घरातली आजी कळशी घेऊन आली होती. एक्स्चेंजरच्या पत्र्याला कधी भोक पडले तर तिला कोण सांगणार? मला स्वतःलाच कळायला आठवडा लागेल. बांय यातून बाद.

मांडवीकाठ (पणजी)

हा निर्णय चांगला घेतलात. आता राहिलेलाही घ्या.

तुम्हाला ऊब बाहेर घालवायची आहे ना? मग पाणी कशाला? चारही यंत्रे एका हवेशीर कपाटात ठेवा, मागून सहा इंची डक्ट (हवेची नळी) काढून त्यात पंखा लावा आणि सगळी ऊब थेट बाहेर फेका. १३०० वॅटला हवा दहा अंश तापू द्यायची म्हटली तर तासाला चारशे घनमीटरही पुरतात. तो पंखा काही हजारांत मिळतो, गळत नाही, आणि बिघडला तर तासाभरात बदलता येतो.

आणि विजेचा विचार केलात का? पहिल्या पावसाआधी आणि परतीच्या पावसात आपल्याकडे कसा कडकडाट असतो ते तुम्हाला सांगायला नको. बाहेर लोखंडी चौकटीत रेडिएटर, तिथून तांब्याची नळी घरात, आणि घरात ती चार संगणकांच्या सांगाड्यांना जोडलेली. विजेला तुम्ही स्वतःहून वाट काढून देताय. जुन्या घरांचे अर्थिंग कसे असते ते मी पाहिले आहे.

म्हापशाचा कोपरा

मी तीन वर्षे दोन यंत्रे असल्याच लूपवर, म्हणजे फिरत्या पाण्याच्या बंद वाटेवर, चालवतोय, तेव्हा बाजूने बोलतो.

मांडवीकाठ, डक्टचा हिशेब बरोबर आहे. पण तासाला चारशे घनमीटर हवा बाहेर टाकलीत तर तेवढीच कुठून तरी आत येणार. जुलैमध्ये ती हवा भिजलेली असते. खोलीतला एसी मग दिवसभर ओलावा उपसत बसतो, आणि डास, पाखरे, बुरशीचा वास हे सगळे वर फुकट. पाण्याच्या लूपमध्ये खोलीची हवा खोलीतच राहते. डक्ट आणि लूप यांत मोठा फरक हाच आहे, आणि तो गोव्यात पावसाळ्यातच कळतो.

कोमट पाण्याची भीती बाळगू नका. जर्मनीत म्युनिकजवळ गार्चिंगला २०१२ मध्ये सुरू झालेला सुपरएमयूसी हा महासंगणक ४० अंशांच्या आसपासच्या पाण्याने थंड करत. इथे थंड हा शब्दच चुकीचा वाटतो, पण ८० अंशांच्या चिपला ४० चे पाणी थंडच असते.

माझ्या चुका तेवढ्या लिहितो. पहिल्या वर्षी मऊ पारदर्शक नळी घेतली, कारण दिसायला छान. पडवीत उजेड येतो, दोन महिन्यांत आत हिरवे झाले. शिवाय त्या नळीतले काहीतरी पाण्यात उतरून ब्लॉकच्या बारीक खाचांत चिकट पांढरा थर बसला. ब्लॉक उघडून जुन्या टूथब्रशने घासला तेव्हा खाचा मोकळ्या झाल्या. मग काळी ईपीडीएम रबराची नळी घातली. आणि चवथीच्या आदल्या रात्री उंदराने ती कुरतडली. सकाळी पाट मांडायला गेलो तर पडवी ओली. तेव्हापासून बाहेरची नळी स्टीलच्या जाळीच्या वेष्टनात आहे.

फोंडेकर

मध्येच विचारतो. एसीच्या खोलीत थंड नळ्यांवर घाम धरून पाणी बोर्डावर ठिबकणार नाही का?

म्हापशाचा कोपरा

घाम धरतो तो दवबिंदूच्या, म्हणजे हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते त्या तापमानाच्या, खाली थंड झालेल्या वस्तूवर. साधा रेडिएटर पाण्याला बाहेरच्या हवेपेक्षा खाली नेऊच शकत नाही, आणि हवेचे तापमान कधीही तिच्या दवबिंदूच्या खाली नसते. बर्फ किंवा चिलर (पाणी गार करणारे यंत्र) लावलात तर मात्र गोव्यात हमखास ठिबकेल. पावसात आपला दवबिंदू २४-२५ च्या आसपास असतो.

चिऱ्याचे घर (डिचोली)

मांडवीकाठ, विजेचे मान्य. तांब्याची नळी रद्द, आत-बाहेर सगळी रबरी, आणि रेडिएटरची चौकट वेगळी अर्थ करून घेतो. वायरमन परवा येतोय, घराचे अर्थिंगही त्याच्याकडून मोजून घेईन. स्टीलची जाळी घातली तर ती भिंतीच्या बाहेरच संपवीन.

लूपच्या पाण्याची टाकीही खाली ठेवणार आहे, चारही यंत्रांच्या पातळीच्या खाली. पंप यंत्रांतून पाणी ओढणार, ढकलणार नाही. म्हणजे ब्लॉकमध्ये दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमीच राहील. जोड सैल झाला तर पाणी बाहेर यायच्या आधी हवा आत शिरेल आणि टाकीत बुडबुडे दिसतील.

पण डक्टवर यायला मी तयार नाही. गेल्या पावसात खिडकी उघडी ठेवून काम केले होते. बायकोचे ट्रेसिंग पेपर पापडासारखे वाकडे झाले आणि माझ्या लेन्सच्या आत बुरशीचे धागे आले. ती लेन्स गेलीच.

मांडवीकाठ (पणजी)

लेन्सचे वाचून वाईट वाटले. ओढणाऱ्या पंपाची युक्ती खरी आहे, ती मी मानतो. पण बंद यंत्राच्या वेळी काय? पंप थांबला की तो कमी दाब राहीलच असे नाही, आणि वरचे पाणी टाकीकडे उतरू पाहील. टाकीत तेवढी रिकामी जागा ठेवा, नाहीतर ती उतू जाईल.

आणि एक गोष्ट मी सोडणार नाही. फाइलींचा संगणक या लूपमध्ये घालू नका. त्याला साठ वॅट लागतात, एक मोठा पंखा मिनिटाला सहाशे फेऱ्यांनी फिरला तरी पुरतो. सगळ्या घराच्या आठवणी त्यात आहेत. त्याच्याजवळ पाणी नेऊन तुम्ही काय मिळवणार?

चिऱ्याचे घर (डिचोली)

काही नाही. तो लूपमधून काढला, पलीकडच्या खोलीत उंच फळीवर ठेवला. आता तीनच.

एसीवाला (मडगाव)

पाणी भरायच्या आधी हवा भरून बघा. आम्ही नायट्रोजन भरतो, तुम्हाला सायकलचा पंप आणि एक डिजिटल गेज पुरे. दाब अर्ध्या बारपर्यंत (बार हे दाबाचे माप) भरा, पंप सुटा करा, रात्रभर ठेवा. पाण्याने तपासणी करणारे बोर्ड जाळून शहाणे होतात. हवेची गळती नुसती आकडा खाली आणते.

चिऱ्याचे घर (डिचोली)

काल रात्री साडेनऊला टाकीचे तोंड बंद करून ०.५० बार भरले. आज सकाळी सहाला ०.४८.

मांडवीकाठ (पणजी)

म्हणजे गळतेय. पाणी भरू नका. प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावा.

एसीवाला (मडगाव)

थांबा. खोलीचे तापमान काय होते, रात्री आणि सकाळी?

चिऱ्याचे घर (डिचोली)

रात्री ३१, सकाळी २७. फेस सगळ्या जोडांना लावला, बुडबुडा कुठेच नाही.

एसीवाला (मडगाव)

मग हिशेब जुळतो. गेज बाहेरच्या हवेच्या वरचाच दाब दाखवतो; त्या हवेचा स्वतःचा एक बार धरून आत दीड बार आहेत. हवा चार अंश थंड झाली की दीड बारचे ०.०२ कमी होतात. दुपारी परत ३१ होईल तेव्हा बघा. आकडा ०.५० वर आला तर गळती नाही, ०.४८ वरच राहिला तर मांडवीकाठ म्हणतात ते खरे.

मांडवीकाठ (पणजी)

हे मला मान्य. दुपारी कळवा. आणि ०.४९ आला तर त्याला ०.५० म्हणू नका.

चिऱ्याचे घर (डिचोली)

दुपारी अडीच. खोली ३१. गेज ०.५०. मुलगा आणि मी दोघांनी वेगवेगळे वाचले. तरी आजची रात्र अजून हवेवरच ठेवतो, पाणी उद्या. बॅटरीचे डिस्टिल्ड पाणी दहा लिटर आणून ठेवले आहे.