भूजीवशास्त्रात पुढे शिकायचे आहे. एमएस्सी कशात करावी? (तातडीचे)

काळीमाती: मी सोलापूरची असून पदवीचे शेवटचे वर्ष संपत आले आहे. पुढे भूजीवशास्त्र (पृथ्वी आणि जीवसृष्टी यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास) किंवा पुराजीवशास्त्रात (जीवाश्मांचा अभ्यास) पीएच.डी. करायचे मी पक्के ठरवले आहे. दोन ठिकाणी विचारणा केली, तेव्हा एकीकडून ‘तुमचा विषय बसत नाही’ एवढेच कळवले गेले आणि दुसरीकडून उत्तरच आले नाही. एमएस्सीचा निर्णय मला याच आठवड्यात घ्यायचा आहे. परदेशी थेट अर्ज करता येतो का, हेही सांगावे.

भीमाकाठ: पदवी कोणत्या विषयात आहे, ते तुम्ही लिहिलेच नाही. तीन वर्षांची की चार वर्षांची? बारावीला गणित होते का? याखेरीज नेमके काही सांगणे कठीण आहे.

विजापूरवेस: पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जावे. माझा पुतण्या तिथेच शिकला असून उत्खननाचा अनुभव फार चांगला मिळतो.

जुनाखडक: ते पुरातत्त्व झाले. त्यात माणसाने मागे ठेवलेल्या वस्तूंचा अभ्यास होतो. इथे प्रश्न माणसाच्या कोट्यवधी वर्षे आधीच्या जीवांचा आहे. आपल्या पायाखालचा बेसाल्टच सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

काळीमाती: विषय सूक्ष्मजीवशास्त्र, पदवी तीन वर्षांची, गणित बारावीपर्यंत. या विषयाकडे मी कशी वळले तेही सांगते. आमच्या स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर, ओट्याच्या अगदी पायथ्याशी, करवतीच्या पात्यासारखी एक दातेरी रेघ आहे. लहानपणापासून मी ती कुणाचा तरी मणका समजत आले आहे.

जुनाखडक: तो मणका नाही. दाबाखाली चुनखडी विरघळत गेली, न विरघळणारी माती मागे उरली, तिची ती रेघ आहे. मात्र तो दगड भीमा खोऱ्यातल्या प्राचीन समुद्रात साचला, तेव्हा हाडे असलेला एकही प्राणी पृथ्वीवर नव्हता. जीवसृष्टी मुख्यतः सूक्ष्मजीवांचीच होती. म्हणजे तुमचा विषय बसत नाही, हे खरे नव्हे. तरीही एमएस्सी भूशास्त्रातच करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण थर वाचता आला नाही तर त्यातल्या जीवाचा अर्थ लागत नाही.

पाणथळ: मी असहमत आहे. उपयोजित भूशास्त्राच्या एमएस्सीला बहुतेक ठिकाणी पदवीला भूशास्त्र असणे आवश्यक असते, मग हा सल्ला त्यांच्या काय कामाचा? जीवाश्म वनस्पतींचे अभ्यासक बिरबल साहनी स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होते. लखनौच्या त्यांच्या नावाच्या संस्थेत जीवशास्त्राकडून आलेले संशोधक आजही काम करतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या डायनोसॉरच्या जीवाश्म विष्ठेत गवताचे सिलिकाकण सापडल्याचे 2005 साली प्रसिद्ध झाले. ते कण ओळखण्यासाठी वनस्पतींचीच जाण लागली.

जुनाखडक: ओळखायला वनस्पतिशास्त्र लागले, हे मान्य. पण ती विष्ठा कोणत्या थरातली, हे भूशास्त्रानेच ठरले.

भीमाकाठ: दोघांचेही खरे आहे, पण ताईंच्या हातात आठवडाच आहे. परदेशाचे असे की, अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, तरी काही विद्यापीठे तीन वर्षांची पदवी पुरेशी मानत नाहीत, आणि अर्ज बहुधा डिसेंबरच्या सुमारास बंद होतात. त्यामुळे यंदाची वेळ गेली. युरोपात सहसा आधी एमएस्सी लागते. म्हणून सूक्ष्मजीवशास्त्रातच एमएस्सी करावी आणि प्रबंधाचा विषय भूजीवशास्त्राकडचा घ्यावा. लोणार सरोवर हे त्याचे उत्तम ठिकाण आहे. 2020 साली ते पाणी गुलाबी झाले, ते लवणप्रिय सूक्ष्मजीवांमुळे, आणि ते नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले. पुढे नेट परीक्षेत पृथ्वीविज्ञानाचा पेपर द्यायचा की जीवविज्ञानाचा, ते मार्गदर्शकाला विचारून ठरवावे. प्राध्यापकाला पत्र लिहिताना त्यांचा एखादा शोधनिबंध वाचून त्यावर प्रश्न विचारावा; नुसत्या ‘मला आवड आहे’ या पत्राला उत्तर येत नाही.

काळीमाती: मी दोन्ही ठिकाणी तसेच पत्र पाठवले होते. एक गोष्ट सांगायची राहिली: सूक्ष्मजीवशास्त्राच्या एमएस्सीची जागा मला मिळाली आहे, फी भरण्याची मुदत शुक्रवारपर्यंत आहे.

जुनाखडक: मग फी भरावी. मात्र सोलापूर विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात जाऊन वर्गात बसू देतील का, हे जरूर विचारावे. हातोडी आणि भिंग मी देईन.

काळीमाती: उद्याच केगावला, विद्यापीठात जाते.